मांडव काढल्यावरचं मैदान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना 'पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असतो' एवढंच सांगितलं गेलं. त्यात सूत्रसंचालकांची चूक नाही. वीस वर्षांत माझ्या आईलाही मी त्यापुढे काही सांगू शकलेलो नाही. आज माइक हातात आहे आणि जेवणाला अजून वेळ आहे, तर सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर लिनक्सच्या संगणकावर नीट चढतं का, जुन्याच्या जागी नवं नीट बसतं का आणि काढलं तर नीट निघतं का, हे मी तपासतो. चढवणं, बदलणं, काढणं. या तीन कामांवर माझं घर चालतं.

सकाळी मी आलो तेव्हा मांडववाले शेवटच्या खुंट्या ठोकत होते. उद्या ते हा मांडव काढतील आणि परवा याच मैदानावर पोरं अनवाणी पळतील. मांडववाल्याविषयी आपल्याकडे दोन तक्रारी नेहमी असतात. एक, तो खुंट्या, खिळे, सुतळी मागे ठेवून जातो. दोन, आवराआवरीत आपली सतरंजी त्याच्या टेम्पोतून जाते. माझ्या धंद्यातही तक्रारी याच दोन. पण तपासणारे लोक पहिलीच्या मागे लागतात आणि दुसरी विसरतात. मीही विसरलो होतो, ते पुढे सांगतो.

आधी पॅकेज म्हणजे काय ते. लिनक्सवर एखादा प्रोग्राम येतो तो बांधलेल्या बोचक्यासारखा येतो. त्यात फाइली असतात, 'मला अमुक दुसरं पॅकेज लागतं' अशी यादी असते, आणि चढवण्याआधी, चढवल्यावर, काढण्याआधी, काढल्यावर काय करायचं याच्या छोट्या स्क्रिप्ट असतात. डेबियन नावाची लिनक्सची एक मोठी, जुनी परंपरा आहे. 1993 मध्ये इयान मर्डॉकने ती सुरू केली. आज तिच्यात 60 हजारांहून जास्त पॅकेजं आहेत आणि ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. कुठली फाइल कुणी आणली याची नोंद यंत्र ठेवतं. आपल्या आया स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून घेतात ना, लग्नकार्यात भांडी मिसळली तरी आपली ओळखू यावीत म्हणून? तसंच. पण नाव फक्त पॅकेजमधून आलेल्या फाइलीवर असतं. प्रोग्राम चालू झाल्यावर जे तयार होतं, म्हणजे लॉग, तात्पुरत्या फाइली, तुम्ही भरलेल्या नोंदी, त्यावर कुणाचंच नाव नसतं. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

डेबियनमध्ये काढण्याचे प्रकारही दोन आहेत. साधं काढलं तर तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फाइली जागेवर राहतात, उद्या परत चढवलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून. दुसरा प्रकार 'पर्ज'. त्यात सेटिंगसुद्धा जातं. पर्ज केल्यावर पॅकेजची खूण राहता कामा नये, अशी अपेक्षा असते.

हे तपासणारं एक साधन आहे, पियुपार्ट्स. चढवणं, बदलणं, काढणं यांच्या इंग्रजी शब्दांची अक्षरं जोडून केलेलं नाव आहे. ते लार्स विर्झेनियसने 2005 मध्ये लिहिलं. हे नाव आज मुद्दाम घेतो, कारण लार्स हा लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सचा हेलसिंकी विद्यापीठातला वर्गमित्र. दोघं फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या घरांतले. लिनक्सच्या गाभ्यात अक्षरं आणि आकडे छापण्याची एक फाइल आहे, तिच्या डोक्यावर दोघांची नावं आहेत. खाली टीप अशी की विर्झेनियसने हे कुठेही चालेल असं लिहिलं होतं, टोरवाल्ड्सने त्याची वाट लावली. मूळ शब्द शाळेच्या व्यासपीठावर उच्चारण्यासारखा नाही. मागच्या बाकावरच्या मंडळींना अंदाज आलाच असेल.

पियुपार्ट्स करतं काय? संगणकाच्या आतच एक कोरं, किमान सामानाचं डेबियन उभं करतं. त्यातल्या एकूण एक फाइलीची यादी करतं. मग पॅकेज चढवतं, काढतं, पर्ज करतं आणि पुन्हा यादी करतं. दोन याद्या जुळल्या नाहीत तर पॅकेज नापास. कोरं यंत्र लागतं, कारण प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावर सगळंच चालतं. त्याच्याकडे लागणारी दहा पॅकेजं आधीपासून पडलेली असतात आणि यादीत ती लिहायची राहून गेली हे त्याला कळत नाही. डेबियनची सगळी पॅकेजं अशी सतत तपासली जातात, आणि आधी पास असलेलं पॅकेज नव्या आवृत्तीत नापास झालं तर ते पुढच्या पायरीवर जात नाही.

यात सापडणारी एक चूक मला फार आवडते, म्हणजे चूक म्हणून आवडते. पर्जच्या वेळची स्क्रिप्ट एखाद्या दुसऱ्या पॅकेजमधली आज्ञा वापरते. पण ते दुसरं पॅकेज तोवर काढून झालेलं असतं. आज्ञा सापडत नाही, स्क्रिप्ट मध्येच थांबते आणि पॅकेज धड आत नाही धड बाहेर नाही असं लटकतं. म्हणून डेबियनचा नियम आहे की पर्जच्या वेळी यंत्राच्या अगदी अत्यावश्यक सामानाखेरीज कशावरही विसंबायचं नाही. निघताना मदतीला कुणी असेल असं धरून चालायचं नाही.

बदलणं, म्हणजे अपग्रेड, हे तिघांत सर्वांत किचकट. आपल्या बॅचला ते समजवायला सोपं आहे. आपल्या दहावीच्या कागदांवर जिल्हा परभणी आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. गावं तीच, शेतं तीच, पण दप्तर इकडून तिकडे गेलं आणि गाड्यांचा नंबर 22 चा 38 झाला. एका पॅकेजची दोन होतात तेव्हा असंच असतं. काल जी फाइल पहिल्याकडे होती ती आज दुसऱ्याकडे. 'ही फाइल आता माझ्याकडे आली आहे, जुन्याने सोडावी' असं दुसऱ्याने नोंदवलेलं नसेल, तर यंत्र म्हणतं की ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे, मी हात लावणार नाही. आणि अपग्रेड तिथेच अडतं. कोऱ्या यंत्रावर नवीन पॅकेज सरळ चढतं, तिथे हे दिसतच नाही. आधी जुनं चढवून त्यावर नवं घातलं तरच दिसतं.

आपल्या भाषेचं एक उदाहरण देतो. लोहित नावाचे फॉन्ट लिनक्सवर सगळीकडे असतात. डीटीपीवाल्यांना श्रीलिपी माहीत आहे. ती ज्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, त्यांनीच लोहितचे मूळ फॉन्ट घडवले आणि 2004 मध्ये रेड हॅटमार्फत ते मुक्त परवान्याखाली आले. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटमधला लाल. आता मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीहून वेगळं. अपग्रेडमध्ये मराठी वळणाचा फॉन्ट सुटला तर यंत्र हिंदी वळणाचा उचलतं आणि कसलीच तक्रार करत नाही. फाइलींच्या याद्या जुळतात, निकाल पास. पण समोरच्या पानावरचा 'ल' आपला नसतो. हे बघायला मराठी वाचणारा माणूसच बसवावा लागतो.

नुसत्या एका मोकळ्या जागेने काय होतं तेही ऐका. 2011 मध्ये बंबलबी नावाच्या एका पॅकेजच्या चढवण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक लांब पत्ता पुसायचा होता. त्याची सुरुवात 'यूएसआर' या फोल्डरपासून होती. त्या शब्दानंतर चुकून एक स्पेस पडली. यंत्राने दोन पत्ते वाचले आणि पहिला, म्हणजे अख्खं यूएसआर, पुसून टाकलं. संगणकावरचे बहुतेक प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये राहतात. 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाईंना निदान लेखणी लागली असं म्हणतात. इथे शाईसुद्धा लागली नाही.

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षं झाली. कंपनीचं नाव घेत नाही, आणि ज्या कार्यालयात घडलं त्याचंही. आमचा प्रोग्राम कार्यालयातल्या आवक-जावक नोंदींचा होता. मी तपासलं तेव्हा पर्ज केल्यावर त्याचं डेटा फोल्डर मागे राहत होतं. रिकामं फोल्डर! मी चूक नोंदवली. प्रोग्रामर म्हणाला, राहू दे की, काय बिघडतं. मी अडून बसलो. नियम म्हणजे नियम. शेवटी त्याने काढण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, ते फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसायची. मी पुन्हा तपासलं. आधीची यादी आणि नंतरची यादी, एका फाइलीचा फरक नाही. इतका स्वच्छ निकाल मी तोवर पाहिला नव्हता. मी सही केली.

काही महिन्यांनी एका तालुक्याच्या गावी छपाईची काहीतरी तक्रार आली. आमच्याकडच्या पोराने फोनवर नेहमीचा उपाय सांगितला, काढा आणि परत टाका. तिथल्याने पर्ज केलं, परत चढवलं. छपाई सुरू झाली. नोंदी गेल्या. बॅकअप होता तो महिन्याच्या सुरुवातीचा. त्यानंतरच्या एकोणीस दिवसांचं काहीच नव्हतं.

मला तिकडे पाठवलं. नोंदी भरणाऱ्या मॅडम कागदी रजिस्टर पुढ्यात घेऊन पुन्हा पहिल्यापासून टाइप करत होत्या. रोज साडेपाचनंतर दोन तास जास्त थांबायच्या. मी माफी मागितली. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे काढून बघितलं होतं का हो?" मी म्हटलं, हो, मीच बघितलं होतं. "मग काढायच्या आधी त्यात काही लिहिलं होतं का?"

नव्हतं. कोऱ्या यंत्रावर कोरा प्रोग्राम चढवून काढला होता. जायला तिथे काही नव्हतंच, मग काय गेलं ते कळणार कसं? मी खुंट्या मोजत बसलो आणि सतरंजी माझ्या सहीने गेली.

पियुपार्ट्समध्ये मधल्या प्रत्येक टप्प्यावर आपली स्वतःची स्क्रिप्ट चालवायची सोय आधीपासून होती. मी ती वापरली नव्हती. आता प्रत्येक पॅकेज चढवल्यावर त्यात दोन-चार खोट्या नोंदी भरतो, मग बदलतो, मग काढतो, आणि नोंदी शोधतो. साध्या काढण्यात त्या राहिल्याच पाहिजेत. पर्जमध्ये माणसाला विचारल्याशिवाय जाता कामा नयेत. मोठे डेटाबेस असं विचारतातही. मग एखादं फोल्डर मागे राहिलं तरी चालेल. नियमाला धरून ही चूकच आहे आणि यावरून माझे सहकाऱ्यांशी अजून वाद होतात. मी माझ्या बाजूला आहे.

हे सगळं आज इथे सांगायला आणखी एक कारण आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाचं काम आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 6 एप्रिल 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. अशा वेधशाळेचा डेटा लिनक्सच्या यंत्रांवर चाळला जातो, आणि लायगोचं सॉफ्टवेअर डेबियन व रेड हॅटच्या घराण्यांतल्या लिनक्ससाठी पॅकेज म्हणूनच येतं. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना पहिली गुरुत्वीय लहर दिसली. 130 कोटी वर्षं प्रवास करून आलेली लहर, यंत्रात सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर तिथल्या लोकांनी आधी काय केलं असेल, तर यंत्रांची मांडणी आहे तशी गोठवली. कुणी काही बदलायचं नाही. कारण लहर खरी की यंत्राचाच खडखडाट, हे ठरवायला त्याच स्थितीतल्या यंत्राचा पुष्कळ डेटा लागतो. त्या दिवसांत कुणी उत्साहाने एखादं अपग्रेड चढवलं असतं तर तुलनाच अडचणीत आली असती. लहर काही परत येणार नव्हती.

औंढ्याच्या यंत्रांवर कधी काय चढवायचं आणि कधी हात लावायचा नाही, हे ठरवणारी माणसं लागतील. ती याच शाळेच्या नववी-दहावीतून जायला काय हरकत आहे? आपल्या वेळी संगणक कुलपात असायचा आणि आपण तो खिडकीतून बघायचो. गणिताचे सर समोर बसले आहेत, किल्ली त्यांच्याकडेच असायची. सर, मी आजही तो विषय सोडलेला नाही.

तर माझ्या पिशवीत एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर डेबियन आहे. शाळेच्या संगणकांना हात लावणार नाही, तसा शब्द मुख्याध्यापकांना दिला आहे. जेवण झाल्यावर तीन वाजता संगणक खोलीत बसू. मुलांनी आधी प्रोग्राममध्ये स्वतःचं नाव आणि काहीतरी चार ओळी लिहून ठेवायच्या. मग आपण पॅकेज काढू, आणि त्या ओळी शोधू.