विमानतळाच्या रेषेबाहेरची घरं

गटाची बैठक आटोपून रेडिओ लावला असेल, तर हप्त्याची वही अजून मिटू नका. आज दोन-चार आकडे लिहून घ्यायचे आहेत.

विमानतळ येणार म्हटलं की गावात पहिला प्रश्न एकच, कुणाची जमीन जाणार? नकाशावर एक रेषा ओढली जाते. रेषेच्या आत ज्याचा गट नंबर, त्याला नोटीस येते. मोजणी, दर, परतावा, सगळं तिथं बोललं जातं. भांडायचं तर भांडायला समोर कुणीतरी असतं. पण रेषेबाहेर, बांधाला लागून ज्यांचं घर आहे, त्यांना कसलाच कागद येत नाही. त्यांच्याकडे पुढं येतो तो आवाज. मी आज त्या घरांबद्दल बोलणार आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यात पुरंदरचं उदाहरण ताजं आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी, या सात गावांच्या जमिनीवरून २०१६ पासून वाद चालला. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला आले तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. अंजिराची, सीताफळाची बाग ज्यांची जाते त्यांचं दुःख मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सात गावांच्या शिवेपलीकडच्या बायांनी "आपली जमीन वाचली" म्हणून निवांत बसावं, असं मला वाटत नाही.

आवाज कसा मोजतात ते आधी बघू. माप डेसिबलचं. वस्तीसाठी आपल्या देशात मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. विमानतळाचा हिशोब मात्र वेगळा. २०१८ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं विमानतळाच्या आवाजाचे नियम काढले. वर्दळीच्या विमानतळासाठी मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५ अशी आहे. ४५ आणि ६५ यांत फरक फक्त वीसचा, असं समजू नका. हे माप भाजीच्या काट्यासारखं सरळ चालत नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. वीस वाढले की चौपट.

आणखी एक मेख आहे. हे आकडे सरासरीचे असतात. रात्रभरात दहा विमानं गेली, मधला वेळ शांत होता, तर सरासरी कागदावर बरी दिसते. पण तान्हं मूल सरासरीनं जागं होत नाही. ते त्या एका विमानानं जागं होतं. म्हणून कुणी साहेब सरासरी सांगायला लागले, तर विचारायचं, "एक विमान डोक्यावरून जाताना किती आवाज होईल, आणि रात्री अशी किती जातील?"

मुलांचा विषय निघालाच आहे तर जर्मनीतली गोष्ट सांगते. म्युनिक शहराचा जुना विमानतळ १९९२ साली बंद झाला आणि दुसऱ्या जागी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडची शाळकरी मुलं आधीही तपासली आणि नंतरही. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात ठेवणं मागं पडलं. जुन्या जागी आवाज थांबला, तिथली मुलं सुधारली. म्हणजे मुलं "सवय होईल हो" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. पण यात दिलासाही आहे, आवाज थांबला तर नुकसान भरून येऊ शकतं.

आता जपान. तिथल्या लोकांनी काय केलं ते आपल्याला उपयोगाचं आहे. ओसाका शहराजवळ इतामी विमानतळ आहे. १९६४ पासून तिथं जेट विमानं उतरू लागली. घरं अगदी धावपट्टीच्या तोंडाशी. १९६९ साली कावानिशी गावच्या रहिवाशांनी थेट सरकारवर दावा लावला. मागणी दोन गोष्टींची. रात्री ९ ते सकाळी ७ विमान नको आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या. १९७५ मध्ये उच्च न्यायालयानं दोन्ही मान्य केलं. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाई दिली, पण रात्रीची बंदी अशा दाव्यातून देता येत नाही म्हणून नाकारली. तरी गंमत बघा, आजही त्या विमानतळावर रात्री ९ नंतर विमानं उडत नाहीत. कोर्टात हरलेली गोष्ट लोकांच्या रेट्यानं टिकली.

शाळा, दवाखाने आणि घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या बसवायला सरकारनं पैसे दिले. अगदी खालची घरं विकत घेतली आणि लोकांना दुसरीकडं हलवलं. हे ऐकायला बरं वाटतं. पण त्यात आळ्याच्या आळ्या मोकळ्या झाल्या, शेजार तुटला. पुढं १९९४ मध्ये समुद्रात भर घालून नवा विमानतळ झाला, तेव्हा जुना बंद व्हायचा होता. तोवर आसपासच्या गावांचा रोजगार त्यावर चालत होता, आणि ज्या नगरपालिका एके काळी विरोधात होत्या त्यांनाच तो राहावासा वाटला! त्या लोकांना मी दोष देणार नाही. पोट आणि झोप दोन्ही एकाच घरात असतात.

ओसाकात घरं आधी झाली, विमानं मागून आली. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी विमानतळाची घोषणा आधी होते आणि घरं मागून येतात. घोषणा झाली की जमिनीचे भाव चढतात, एन.ए. प्लॉट पडतात, फलकावर लिहिलेलं असतं "विमानतळापासून पाच मिनिटं". तो प्लॉट विमान उतरण्याच्या वाटेखाली आहे, हे फलकावर लिहिलेलं नसतं.

नवी मुंबईला बघा. विमानतळासाठी ११६० हेक्टर जागा लागली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशा वस्त्या उठल्या. भोवतालच्या गावांसाठी २०१३ मध्ये "नैना" नावाचं क्षेत्र जाहीर झालं, सुरुवातीला २७० गावांचं. नैना म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखालचं क्षेत्र. तिथं शेतकऱ्याची जमीन योजनेत जाते आणि चाळीस टक्के भूखंड त्याला परत मिळतो. या साठ-चाळीसवरून गावांनी मोर्चे काढले, आणि ते रास्त होतं. पण परत मिळणारा भूखंड विमानाच्या वाटेखाली येतो का, हा प्रश्न टक्क्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

इथं एक अवघड गोष्ट आहे, ती गोड बोलून टाळत नाही. आराखड्यात "हा आवाजाचा पट्टा, इथं घरं, शाळा, दवाखाना नको" असं लिहिलं, तर त्या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव पडतो. ती जमीन आपल्यातल्याच एखादीची असते. म्हणून पुष्कळदा गावच म्हणतं, पट्टा नको. माझं मत विचाराल तर पट्टा हवा, पण फुकट नको. तिथं शेती चालू राहू द्या, गोदाम, शीतगृह, बाजार असं काही आणा, आणि बांधकामाचा हक्क काढून घेताय तर मोबदला द्या. हे आधी मागायचं. घरं उभी राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

मग मागायचं कुठं? विमानतळाला पर्यावरण मंजुरी घेताना जनसुनावणी होते. निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत असतो आणि ग्रामपंचायतीत बघायला मिळतो. गटातल्या वाचणाऱ्या मुलीला पाठवा आणि चार गोष्टी टिपून आणायला सांगा: धावपट्टीची दिशा कोणती, तिच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत कोणती गावं, आवाजाचा नकाशा जोडलाय का, आणि रात्रीची उड्डाणं किती. दिशा महत्त्वाची अशासाठी, की धावपट्टीच्या बाजूला दोन किलोमीटरवरच्या गावापेक्षा टोकाच्या रेषेत पाच किलोमीटरवरच्या गावाला जास्त त्रास होऊ शकतो.

सुनावणीआधी महिला ग्रामसभेत ठराव करून घ्या. मागण्या मोजक्या ठेवा. रात्रीच्या विमानांना बंधन, शाळेच्या खिडक्या आणि छताचं काम विमानतळाच्या खर्चानं, आणि आवाज मोजायचं यंत्र गावात, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. विकास आराखडा जाहीर झाला की त्यावरही हरकती मागवतात. मुदत सूचनेतच असते, ती चुकवू नका. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

सुनावणीला कोरम लागत नाही. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तरी ती होते आणि झाली म्हणून नोंद होते. गेलात तर शेवटपर्यंत थांबा. लोक काय बोलले याचा सारांश शेवटी मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे. चहाच्या वेळेला निम्मी माणसं उठून जातात, आणि वाचन तेव्हाच होतं. आपण मांडलेली गोष्ट त्यात आली नसेल, तर सही व्हायच्या आत उभं राहून सांगायचं, "साहेब, आमचं राहिलं, ते लिहा."