घरगुती टांकसाळ

नाशिकच्या माणसाला टांकसाळीचें फारसें अप्रूप असूं नये. १९२८ सालापासून चलनी नोटा नाशिकरोडला छापल्या जात आहेत. त्याच्या कितीतरी अगोदर, होळकरांच्या अमलांत, चांदवडास रुपये पाडले जात आणि 'चांदोरी रुपया' या नांवानें ते व्यवहारांत चालत. आणखी मागें जावयाचें तर १९०६ सालीं सिन्नर तालुक्यांत जोगलटेंभी येथें तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं. परंतु त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. राज्य जिंकलें, नाणीं हातीं आलीं, तीं वितळवीत कोण बसतो! जुन्या मुद्रेवर नवी मुद्रा उमटविली कीं काम भागलें. नाण्याचें मोल चांदींत असतें तसें छापांतही असतें, आणि छाप मारण्याचा अधिकार राजाचा, हें आपण तेव्हांपासून धरून चाललों आहों.

म्हणूनच २०२१ च्या जानेवारींत माझा पुतण्या जेवतां जेवतां सहज म्हणाला, "काका, आपण घरींच नाणीं पाडूं या," तेव्हां पंक्तींत प्रथम हंशा पिकला. हंशा ओसरल्यावर वहिनींनीं विचारलें, "किती लागतील?" तो म्हणाला, "साठ हजार." मग कोणी हंसलें नाहीं. साठ हजार रुपये त्या घरांत एकाच ठिकाणीं होते, आणि तें ठिकाण म्हणजे वहिनींचें पोस्टांतलें खातें. मुलगा हुशार, संगणकाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला; टाळेबंदीमुळें कॉलेज घरींच. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. मीं हिशेब तपासण्याचें पत्करलें, आणि आज आपणांपुढें मांडणार आहें तो तोच हिशेब.

हीं नाणीं पडतात कशीं तें अगोदर सांगावयास हवें. बिटकॉइन या चलनाचा आराखडा ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्याच्या कीर्दीचें पहिलें पान लिहिलें गेलें. कीर्द हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. पेढीवर कीर्द एक असते आणि ती मुनीमजींच्या हातीं असते. या चलनाची कीर्द जगभरच्या हजारों संगणकांवर एकसारखी ठेविलेली असते, आणि मुनीम कोणीच नसतो. मग पुढचें पान लिहावयाचें कोणीं? ज्यानें एक कोडें प्रथम सोडविलें त्यानें. कोडें बुद्धीचें नव्हे. पानावरील मजकुरास एक आंकडा जोडावयाचा, त्या सर्वांवर एक ठराविक गणिती क्रिया करावयाची, आणि उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खालीं आलें तर पान तुमचें. न आलें तर आंकडा बदलून पुन्हां तेंच. कुलपाला जुडग्यांतली एकेक किल्ली लावून पाहण्यासारखा हा उद्योग. फक्त या जुडग्यांतल्या किल्ल्या परार्धांनीं मोजाव्या लागतात. ज्याची किल्ली लागते त्याला कांहीं नवीं नाणीं बक्षीस मिळतात. लोक यालाच मायनिंग म्हणतात. दहा मिनिटांना सरासरी एक पान भरावें असा बिटकॉइनचा नियम आहे, आणि यंत्रें वाढलीं कीं दर २,०१६ पानांनंतर कोडें आपोआप कठीण होतें. बक्षीस आरंभीं ५० नाणीं होतें. तें सुमारें चार चार वर्षांनीं निम्में होत एप्रिल २०२४ मध्यें ३.१२५ वर आलें. तेव्हां छाप मारण्याचा अधिकार येथें राजाकडे नाहीं. ज्यानें वीज जाळली त्याच्याकडे तो जातो.

२००९ सालीं घरच्या साध्या संगणकावरही हें जमत असे. आतां बिटकॉइनसाठीं तेवढें एकच काम करणारीं यंत्रें निघालीं असून तीं मोठमोठ्या गोदामांतून रात्रंदिवस चालतात. २०२५ सालीं अशा सर्व यंत्रांचे प्रयत्न मिळून सेकंदाला एकावर एकवीस शून्यें या संख्येपर्यंत पोंचले. घरच्या एखाद्या कार्डानें सेकंदाला एक अब्ज किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सरासरीच्या नियमानें एक पान त्याच्या वांट्यास येण्यास सुमारें १ कोटी ९० लक्ष वर्षें लागतील. इतका धीर आमच्या घराण्यांत कोणालाच नाहीं.

परंतु पुतण्याची नजर बिटकॉइनवर नव्हती. इथेरियम नांवाची दुसरी कीर्द होती व तिचें नाणें ईथर. तिचें कोडें अशा बेतानें रचलेलें होतें कीं तें सोडविण्यास ग्राफिक्स कार्ड उत्तम. पडद्यावरचे लक्षावधि ठिपके एकदम रंगवावयाचे असल्यानें या कार्डांत लहान लहान गणकांची पलटणच असते. ती चित्रांऐवजीं किल्ल्या लावण्यास जुंपावयाची. शिवाय एकट्यानें पान मिळण्याची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. हजारों लोक आपलीं यंत्रें एका मंडळींत जोडतात आणि मिळालेलें बक्षीस ज्याच्या त्याच्या श्रमाप्रमाणें वांटून घेतात.

यंत्रसंच जुळविण्याचे ते पंधरा दिवस मला अजून आठवतात. नवीं कार्डें आवाक्याबाहेर गेलेलीं; म्हणून आठ जीबी स्मृतीचीं दोन वापरलेलीं कार्डें ३२,००० रुपयांस घेतलीं. चार जीबीचीं बरींच स्वस्त मिळत होतीं, पण या कोड्याला लागणारा तक्ता रोज थोडाथोडा वाढत २०२० च्या अखेरीस चार जीबीच्या बाहेर गेला होता, हें पुतण्याला ठाऊक होतें. विकणाराला बहुधा त्याहूनही अगोदर ठाऊक असावें. मदरबोर्ड, साधासा प्रोसेसर आणि मेमरी मिळून १४,०००. यांत काटकसर चालते, कारण हे भाग जवळजवळ रिकामेच बसतात. काटकसर चालत नाहीं ती पॉवर सप्लायमध्यें. तेथें आम्हीं ७,५०० रुपये मोजले, कारण हलका सप्लाय भिंतींतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग नुसती उष्णता करून टाकतो आणि पुढें केव्हांतरी स्वतःबरोबर कार्डेंही घेऊन जातो. राइझर, पंखे, एसएसडी असें किरकोळ सामान ४,५००.

या राइझरविषयीं दोन शब्द अधिक बोलतों. कार्डें बोर्डापासून उचलून मोकळ्या हवेंत बसवितां यावींत म्हणून ही पट्टी मध्यें घालतात. एक राइझर ७५ वॅटपर्यंत वीज ओढूं शकतो. आणि त्याच्याबरोबर स्वस्तांत येणारी साटाची जोडवायर सुमारें ५४ वॅटांपुरतीच केलेली असते. ती लावली तर यंत्र चालतें, कांहीं दिवस उत्तम चालतें, आणि मग एखाद्या रात्रीं प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. आम्हांस हा वास येऊन गेल्यावर शहाणपण आलें. सप्लायमधून कार्डांसाठींच निघणाऱ्या जाड तारांवर राइझर घेतले, मग निर्धास्त झोप लागली.

सांगाडा बाजारांत अल्युमिनियमचा मिळतो. आमचा सुतारानें जुन्या दाराच्या सागवानी फळकुटांतून करून दिला. मजुरी घेतली नाहीं, फक्त हें काय आहे तें दोनदां विचारलें. घर जुन्या नाशकांतलें, वायरिंग तीस वर्षांपूर्वींचें. म्हणून या यंत्रासाठीं मीटरपासून निराळी तार, सोळा अँपियरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हीं करून घेतलीं. त्याला ४,००० लागले. पुतण्याच्या साठ हजारांच्या अंदाजपत्रकांत ही बाब मुळींच नव्हती, आणि ज्यांनीं ज्यांनीं मला आपलीं अंदाजपत्रकें दाखविलीं त्यांपैकीं एकाच्याही अंदाजपत्रकांत ती नव्हती. एकूण ६२,०००. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं संध्याकाळीं यंत्र सुरूं झालें.

आतां विजेचें. कार्ड जसेंच्या तसें चालविलें तर तें पोटभर वीज खातें. त्याचा व्होल्टेज आणि गति थोडी खालीं आणली तर कोडें सोडविण्याचा वेग फारसा घटत नाहीं, पण खाणें पुष्कळच कमी होतें. तीन रात्री हाच खेळ चालला होता. शेवटीं भिंतीवरच्या मापकांत संपूर्ण यंत्राचा खर्च ३०० वॅटवर स्थिर झाला. ३०० वॅट म्हणजे दिवसाला ७.२ युनिट, महिन्याला २१६. एवढ्यावर भागलें असें समजूं नये. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतो: पहिलीं शंभर युनिटें स्वस्त, तीनशेंपर्यंत महाग, त्यापुढें आणखी महाग. वरच्या पायरीचा दर पहिल्या पायरीच्या दुपटीहून अधिक पडतो. आमच्या घराचा वापर ११० युनिट. त्यांत २१६ मिळवतांच घर तिसऱ्या पायरीवर चढलें. म्हणजे यंत्राचें प्रत्येक युनिट महागांतलें युनिट. सगळें धरून तें आम्हांस सरासरी दहा रुपयांस पडलें. स्वस्त पायरी घरच्या दिव्यांनींच संपविलेली असते, हें या धंद्यांत पडणाऱ्यानें विसरूं नये. एप्रिल-मेमध्यें नाशिकचा पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि ३०० वॅटचें यंत्र म्हणजे खोलींत अखंड पेटलेली शेगडीच; वरच्या पंख्याचा खर्च मीं हिशेबांत धरलेला नाहीं.

पहिले चार महिने मोठे सुखाचे गेले. महिन्याला आठ-नऊ हजार रुपये येत. ईथर सांठवावयाचें नाहीं, दरमहा विकून पैसे पोस्टांत परत भरावयाचे, अशी वहिनींची अट होती व ती पुतण्यानें पाळली. जूनपासून उत्पन्न उतरत गेलें; डिसेंबरपर्यंतच्या सात महिन्यांत मिळून ३६,००० आले. २०२२ च्या मध्याला असा महिना आला कीं यंत्रानें मिळविलेले आणि विजेला गेलेले पैसे जवळजवळ सारखे. यंत्रांत कांहीं बिघाड नव्हता. नाण्याचा भाव पडला होता, इतकेंच.

आणि मग १५ सप्टेंबर २०२२. इथेरियमच्या चालकांनीं कित्येक वर्षें अगोदर सांगून ठेविलें होतें कीं कोडीं सोडविण्याची पद्धति आम्ही बंद करणार. यापुढें ज्यांनीं नाणीं तारण म्हणून ठेविलीं त्यांच्यांतून पान लिहिणारा निवडला जाईल. आपल्याकडील वेळेप्रमाणें त्या दिवशीं दुपारीं बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत ती पद्धति बंद झाली. त्या चलनाचा विजेचा खर्च एका क्षणांत नव्याण्णव टक्क्यांहून अधिक उतरला. जगाच्या दृष्टीनें ही चांगलीच गोष्ट. आमच्या माडीवर पंखे पूर्ववत् फिरत होते आणि त्यांतून कांहींच पडत नव्हतें. दुसरीं कांहीं नाणीं या कार्डांवर पाडतां येत. पण जगांतलीं सगळीं बेकार कार्डें तिकडेच वळल्यानें दिवसाला थोडेसे रुपये सुटत आणि वीज मात्र बहात्तर रुपयांची जळे. आठवड्यानें यंत्र बंद केलें. बाजारांत वापरलेल्या कार्डांचा पूर आला होता. दोन्ही मिळून ९,००० आले.

आतां बेरीज करूं. नाण्यांचे ९४,३००. विजेचे वजा ४२,१००. राहिले ५२,२००, त्यांत कार्डांचे ९,००० मिळविले कीं ६१,२००. घातले होते ६२,०००. आठशें रुपयांची तूट, चालावयाचेंच, असें आम्ही म्हणत होतों तों कर उभा राहिला. अशा नाण्यांच्या व्यवहारास न्यायालयाची आडकाठी नाहीं. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें बँकांवर घातलेलें बंधन सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केलें. पण १ एप्रिल २०२२ पासून यांच्या विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि यंत्रसामुग्रीचा खर्च त्यांतून वजा होत नाहीं असें सरकारनें त्याच वर्षीं लोकसभेंत स्पष्ट केलें. एप्रिलनंतरच्या १५,००० रुपयांवर अधिभारासह ४,६८० भरावे लागले. एकूण तोटा ५,४८०. तो पुतण्यानें पुढें आपल्या पहिल्या पगारांतून आईच्या खात्यांत भरला आणि विषय मिटला असें आम्हांस वाटलें. वहिनी पासबुक मिटतां मिटतां म्हणाल्या, "आणि व्याजाचें काय?"

हा प्रश्न ऐकून मला पांडवलेणीं आठवलीं. तेथें नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्यानें भिक्षूंसाठीं तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले: दोन हजार दरमहा शेंकडा एक या व्याजानें, एक हजार शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, नुसतें व्याज खावयाचें. दोन हजारांवर वर्षाला दोनशें चाळीस होतात. वीस भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं बारा. हिशेब चोख बसतो. आमच्या यंत्रांत नेमकें याच्या उलट होतें. दरमहा येणारे आठ हजार आम्ही उत्पन्न म्हणत होतों. त्यांत कार्डांची झीज, म्हणजे मुद्दलच, थोडेंथोडें परत येत होतें. वहिनींना हें न शिकतां कळलें होतें. मीं जन्मभर हिशेब लिहिले आणि मला तें पासबुक मिटतांना कळलें.

आणि निदान आमच्याजवळ यंत्र तरी होतें. यंत्र नको, वीज नको, नुसते पैसे द्या, दूर कोठेंतरी तुमच्यासाठीं मायनिंग चालेल आणि दरमहा शेंकडा दहा असे अठरा महिने मिळतील, असें सांगणारी 'गेनबिटकॉइन' नांवाची योजना याच महाराष्ट्रांत पुष्कळ सुशिक्षित घरांत शिरली होती. २०१८ सालीं तिच्या संबंधांत पुण्याच्या पोलिसांनीं अटका केल्या. उषवदाताच्या विणकरांनीं महिना शेंकडा एक कबूल केला होता, आणि त्यांच्याजवळ माग होते.

आज कोणाच्या घरीं मुलगा असा यंत्रसंच मागत असेल तर मीं त्याला नाहीं म्हणणार नाहीं. त्याला गेल्या बारा महिन्यांचीं विजेचीं बिलें घेऊन बसवा आणि नवें युनिट कोणत्या पायरीवर पडेल तें त्यालाच काढूं द्या. त्या दिवशीं एका कार्डाला किती पैसे सुटतात तें पाहून दोन आंकडे शेजारीं लिहा. सध्यां पहिला आंकडा दुसऱ्याहून मोठा निघतो. तरीही त्याला तें जुळवावयाचेंच असेल, तर एकच चांगलें कार्ड घ्यावें, आणि जें उद्यां अभ्यासाला, चित्रांना, हिशेबांना उपयोगीं पडेल असेंच घ्यावें. आमचा बोर्ड, सप्लाय आणि सोळा अँपियरचा सॉकेट अजून कामांत आहेत. पुतण्या सुट्टींत घरीं आला कीं त्यावरच कार्यालयाचें काम करितो. बिल पुन्हां ११० युनिटांवर आलें आहे. सागवानी सांगाडा वहिनींनीं माडीवर लोणच्याच्या बरण्यांसाठीं घेतला.