हिरवी वायर

कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, असं आपण धरून चालतो. मी आज अ‍ॅम्प्लिफायरच्या घरघरीबद्दल बोलणार आहे.

कसबा बावड्यात आमच्या अब्बांचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. गणपती, उरूस, लग्न, साखर कारखान्याच्या निवडणुकीची सभा, सगळीकडे कर्णे आमचेच. बी.ए. होईपर्यंत माझ्या हातात पेनापेक्षा टेस्टरच जास्त असायचा.

गेल्या पावसाळ्यात गावातली एक लेक रिक्षातून एक पेटी घेऊन आली. म्हणाली, "चाचा, बाबांचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. माळ्यावर पडून होता. आता माझ्या पोराला गिटार शिकायचीय. पण लावला की नुसता घुमतो." पेटी मी बघताक्षणी ओळखली. इथंच बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. आवाज वाढवायला दोन ईसीसी ८३, शेवटी स्पीकर हलवायला दोन ईएल ८४, चारही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे.

तिला आधी सांगितलं, "बाळ, आता घरी परत लावू नकोस." अशा पेटीत तीन-साडेतीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटरनं खात्री करायची, मगच आत हात घालायचा. तोही एकच, दुसरा खिशात. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा लावायचं ते सिरीज बल्बमधून. बल्ब भडकून पेटलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

हल्लीची पोरं घरघर आली की सगळे व्हॉल्व्ह बदलून मोकळी होतात. पैसे जातात, घरघर राहते. आधी ऐकायचं. गिटारची वायर काढून टाकली आणि आवाज थांबला, तर दोष गिटारचा, नाहीतर तिच्या वायरचा. नाही थांबला तर व्हॉल्यूमचा खटका फिरवायचा. घरघर त्याच्याबरोबर कमी-जास्त झाली तर दोष खटक्याच्या आधी, नाही झाली तर नंतर. मग यंत्र बंद करून पहिला व्हॉल्व्ह उपसायचा आणि पुन्हा ऐकायचं. चरचर, तडतड असेल तर कोरड्या पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारायची. ज्याच्यावर मारल्यावर स्पीकरमधून ठणठण येते, तो व्हॉल्व्ह म्हातारा झाला. कधी नुसत्या सॉकेटच्या पिना काळ्या पडलेल्या असतात.

घुमण्याचेही दोन स्वर असतात, आणि इथं गाणाऱ्याचा कान उपयोगी पडतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलनं घेते. फिलामेंटच्या तारांतून किंवा अर्थिंगच्या घोटाळ्यातून येणारी गुणगुण ५० हर्ट्झची, खर्जातली. फिल्टर कंडेन्सर सुकले तर येते ती १०० हर्ट्झची, बरोबर एक सप्तक वरची. गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली की ९८ हर्ट्झचा स्वर निघतो. घरघर त्याला जुळली तर कंडेन्सर बदला. तिच्या पेटीची जुळली. दोन कंडेन्सर बदलले, पेटी गप्प झाली.

खरं तर मिस्त्रीनं प्लग सगळ्यात आधी उघडायचा असतो. मी शेवटी उघडला. आत काय दिसणार ते मला माहीत होतं.

१९८७ सालचा गणपती. मी सतरा वर्षांचा. ऑर्केस्ट्रात तिचे बाबा गिटार वाजवायचे, गायचेही. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आमच्या मोठ्या मशीनला एक वायर जोडली होती. दोन्ही यंत्रांना आपापलं अर्थिंग, त्यात ही वायर, म्हणजे जमिनीच्या दोन वाटांचं वेटोळं झालं आणि खर्जातली गुणगुण सुरू झाली. मी त्यांच्या प्लगमधली अर्थची हिरवी वायर सोडवून टेप गुंडाळली. गुणगुण बंद. लोकांनी पाठ थोपटली. खरा इलाज वेगळा होता. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्यायची आणि मधल्या वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचा. पण तो कोण आणणार?

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मांडवात ती जोडवायर नव्हती. हिरवी परत लावायला मी विसरलो. त्या जुन्या रचनेत विजेच्या एका तारेपासून पत्र्यापर्यंत एक कंडेन्सर असे, घरघर कमी व्हावी म्हणूनच टाकलेला. तो आतून शॉर्ट झाला होता. मांडवातल्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटे होते. पत्रा जिवंत, पत्र्याला जोडलेल्या गिटारच्या तारा जिवंत. त्यांचे ओठ माइकला लागले आणि ते मागे फेकले गेले. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक मंचावरच विजेच्या धक्क्यानं गेला. हात माइकला लागला, आणि अर्थिंग नीट नव्हतं. आमचे गायक वाचले. डाव्या हाताची दोन बोटं भाजली, पुन्हा गिटारवर बसली नाहीत. खापर मांडवाच्या वायरिंगवर फुटलं. बोर्ड चुकीचा होताच, पण हिरवी वायर जागेवर असती तर फ्यूज उडून भागलं असतं. मी गप्प राहिलो. ते जाईपर्यंत गप्प राहिलो.

तो कंडेन्सर मी कापून टाकला. ती पेटी न्यायला आली तेव्हा प्लग तिच्यासमोर उघडला. काळी टेप तशीच होती, चिकट झालेली. तिला सगळं सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि म्हणाली, "दाखवा चाचा, कुठली वायर कुठं लावायची."