जनुकांची मोजदाद पुरे



  या परिषदेचा अध्यक्ष म्हणून सस्तन प्राण्यांतल्या जनुकनियमनाच्या उत्क्रांतीचा आढावा मी घ्यावा अशी अपेक्षा आहे. तो लवकर आटोपतो, कारण एक गोष्ट बरीच वर्षं मनात साचली आहे.

मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ साली मांडलं की माणसाची आणि चिंपांझीची प्रथिनं जवळपास सारखीच आहेत. फरक शोधायचा तर जनुकं कधी, कुठे आणि किती चालतात ते पाहा. तरीही आपले विद्यार्थी आज प्रथिन लिहिणारा भाग तेवढा वाचतात आणि बाकीचा मोडीत काढतात. मानवी जीनोमचा हा वाचलेला भाग जेमतेम दीड टक्का आहे. माझी तक्रार ती हीच.

मी रक्तविकारांचा डॉक्टर. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पाहण्यात हयात गेली. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं, आणि त्यातून हा सगळा छळ. गडचिरोलीकडचे एक शेतकरी पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडे आले. दोन्ही जनुकं सिकलची, आणि तक्रार काय? "पावसाळ्यात सांधे दुखतात जी, बाकी काही नाही." इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर हिमोग्लोबिन एफची रेघ ठळक होती. जन्मानंतर ओसरायचं ते गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात भरपूर टिकलं होतं. पुढे तपासलं, तर ते हिमोग्लोबिन घडवणाऱ्या गॅमा ग्लोबिनच्या जनुकाआधी १५८व्या जागी 'सी'चा 'टी' झालेला. या बदलानं प्रथिनात काडीचाही फरक पडत नाही! भारतातल्या सिकल गुणसूत्रावर हा बदल बहुधा सोबतच येतो. म्हणून इथला आजार सौम्यच, असं मात्र कुणी समजू नये. हाच बदल असूनही वॉर्डात वेदनेनं तळमळणारी मुलं मी पाहिली आहेत.

उत्क्रांतीत प्रथिनातला बदल मोठा की नियमनातला, यावर काल इथे बराच वाद रंगला. माझ्यापुरता तो त्या पट्टीवरच मिटला. त्या माणसाला आजार दिला प्रथिनानं. शेतात उभं ठेवलं नियमनानं.

आणि गर्भातल्या हिमोग्लोबिनची ही यंत्रणा आली कुठून? उंदरात गर्भासाठी वेगळं हिमोग्लोबिन नाहीच. भ्रूणाचं संपलं की थेट प्रौढाचं. माकडं, वानर आणि माणूस यांच्या पूर्वजांत गॅमा जनुकाची जोडी झाली आणि एरवी भ्रूणातच थांबणारं ते जनुक गर्भकाळभर चालू लागलं. शेळीच्या पूर्वजांत तेच काम प्रौढ बीटा जनुकाच्या एका प्रतीकडे गेलं. दोन वेगळी जनुकं, पण दोन्हीकडे वेळापत्रक बदललं. उंदरावरून माणसाचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

प्रौढपणी गॅमाला गप्प करतं ते 'बीसीएल११ए' हे जनुक. ब्रिटन आणि अमेरिकेनं २०२३ मध्ये मान्य केलेला सिकलसेलवरचा कॅसजेव्ही उपचार या जनुकाचं प्रथिन लिहिणारं एकही अक्षर बदलत नाही. तांबड्या पेशींच्या घडणीत त्याला चालवणारा एन्हान्सर तेवढा तो निकामी करतो. आपल्या प्रयोगशाळा ज्या भागाला अहवालात जागा देत नाहीत, तिथेच हा उपचार सापडला. मी गॅमाच्या नियंत्रक भागावर काम करायला निधी मागितला होता, तेव्हा एका समितीनं शेरा मारला: 'जनुकाबाहेरचा भाग, प्राधान्य नाही.' तो शेरा मला अजून सलतो. गडचिरोली आणि नंदुरबारचे रुग्ण आपल्या दाराशी असताना हे प्रश्न दुसऱ्यांनी सोडवायचे?

सिकल रुग्णांच्या नियंत्रक भागांचा एक नोंदसंग्रह परिषदेनं सुरू करावा, असं मी सुचवतो. तपशील कार्यकारिणी ठरवेल. तरुण मित्रांना मात्र आजच विनंती आहे: पुढच्या अधिवेशनाला निबंध पाठवाल तेव्हा जनुकाबाहेरची अक्षरंही वाचून या.