आईची जन्मनोंद आणि दुसरे पारपत्र

बेळगाव शहराच्या पश्चिमेला बेळगुंदी हे गाव आहे. जवळच राकसकोपचा जलाशय, भोवती भाताची आणि रताळ्यांची शेते, आणि त्यांच्याही पलीकडे सह्याद्रीची धार. धार उतरली की गोवा. आज बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने निघालेला मनुष्य वाटेत कोठे राज्याची हद्द ओलांडली, हे पाटी वाचल्यावाचून ओळखू शकत नाही. परंतु 19 डिसेंबर 1961 पर्यंत ती दोन देशांची सरहद्द होती, आणि तरीही तिच्यावरून माणसे येत-जात होती. घाटाखालच्या मुली घाटावर नांदावयास येत, घाटावरचे मजूर काजूच्या हंगामाला खाली उतरत. लग्न जुळविताना मुलीचा देश कोणता, हे कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न विचारला जाऊ लागला तो गेल्या काही वर्षांत, आणि तोही नातवंडांकडून. आपली आई गोव्यात जन्मली, मग आपल्याला पोर्तुगालचे पारपत्र मिळेल काय? सीमाभागातील अनेक घरांत हा विषय आता जेवणाच्या पानावर निघतो. त्याच्याविषयी ऐकीव माहिती पुष्कळ आहे. नेमकी माहिती थोडी.

मुळात हा हक्क कोठून आला, हे पाहिले पाहिजे. पोर्तुगालने 1951 साली घटना बदलून आपल्या वसाहतींना समुद्रापलीकडील प्रांत असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक भाग आहे, असे जगाला सांगण्याची ती युक्ती होती. युक्ती फसली, सैन्य आले आणि साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. परंतु लिस्बनने हे विलीनीकरण मान्य केले नाही. सालाझारशाहीचे उरलेले अवशेष 1974 च्या एप्रिलमध्ये कोसळले, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालच्या वतीने मारिओ सोआरेश यांनी, आणि भारताच्या वतीने त्या वेळचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सही केली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांच्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. जमिनीचा प्रश्न असा मिटला. माणसांचा मात्र पोर्तुगालच्या दृष्टीने मिटला नाही. 1961 च्या त्या डिसेंबरपूर्वी या प्रदेशात जन्मलेला मनुष्य जन्मतःच पोर्तुगीज होता, आणि त्याची इच्छा असेल तर आजही आहे, ही त्या देशाची भूमिका कायम राहिली. 1981 च्या त्यांच्या राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे पोर्तुगीज नागरिकाचे परदेशात जन्मलेले अपत्यही आपला जन्म तेथे नोंदवून नागरिक होऊ शकते. सगळी इमारत या दोन खांबांवर उभी आहे.

येथेच मोठा गैरसमज होतो. पोर्तुगीज वंश म्हणजे पोर्तुगीज रक्त, असे अनेकांना वाटते. आडनाव फर्नांडिस किंवा डिसोझा असले की काम झाले, असेही काहींना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूंकडून वा धर्मपित्याकडून आलेली. त्यांचा रक्ताशी बहुधा काहीच संबंध नाही. ज्यांचे पूर्वज दीडदोनशे वर्षांपूर्वी घाट चढून बेळगाव, खानापूर, नंदगडकडे आले आणि ज्यांच्या मागच्या तीन पिढ्या घाटावरच जन्मल्या, त्यांना आडनावाचा कवडीचा उपयोग नाही. आणखी एक गोष्ट या भागातील ख्रिस्ती कुटुंबांना चकविते. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत 1953 साली झाला; त्यापूर्वी येथील चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होती. त्यामुळे आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर गोव्याच्या महाधर्मप्रांताचे नाव दिसते आणि घरात आनंद होतो. पण धर्मप्रांत गोव्याचा असला तरी जमीन ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याची होती. तो दाखला जन्म गोव्यात झाल्याचा पुरावा नव्हे. उलट सत्तरी किंवा डिचोली तालुक्यात जन्मलेल्या हिंदू बाईचा हक्क म्हापशाच्या ख्रिस्ती माणसाइतकाच पक्का आहे. कायदा धर्म विचारीत नाही, जन्मस्थळ आणि तारीख विचारतो.

आता कागदांकडे वळू. गोव्यात जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1914 पासून सुरू झाली. त्यापूर्वीचा पुरावा चर्चच्या वह्यांत शोधावा लागतो. त्या वह्या पोर्तुगीज भाषेत, वळणदार हस्ताक्षरात लिहिलेल्या आहेत. तालुक्याच्या निबंधकाकडून मूळ नोंदीची पूर्ण नक्कल काढावी लागते. ती साक्षांकित करून लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयाकडे जाते. आईवडिलांचा विवाहही तेथे नोंदविणे आवश्यक ठरते. प्रथम आईची वा वडिलांची नोंद, मग विवाहाची, मग मुलाची, अशी ही साखळी आहे आणि मधली कडी गाळता येत नाही. केवळ आजीच्या जन्मावर थेट नातवाने दावा करण्याची वाट वेगळी आहे. तिच्यात पोर्तुगालशी खरा संबंध दाखवावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो मुख्यतः पोर्तुगीज भाषेच्या ज्ञानाने दाखविता येतो. बेळगुंदीच्या मुलाला हे सोपे नाही.

खरी अडचण नावांची. पोर्तुगीज कारकुनाने आपल्या कानाला ऐकू आले तसे नाव आपल्या लिपीत उतरविले. शंकरमधला ‘श’ त्याने रोमन एक्स या अक्षराने लिहिला, प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, शेणवी ‘सिनाय’ झाले. तीच मुलगी लग्न होऊन घाटावर आली तेव्हा रीतीप्रमाणे तिचे नाव बदलले. मग शिधापत्रिकेवर तिसरेच नाव चढले, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना त्याचे चौथे रूप झाले. गोव्यातली मुलगी आणि बेळगुंदीतली आई ही एकच व्यक्ती आहे, हे सिद्ध करण्यात वर्षे जातात. मधल्या दलालांचा धंदा याच फटीत चालतो. कागदांतील फरक मिटवून देतो म्हणणाऱ्याने खोटा कागद घुसडला, तर त्याचे परिणाम अर्जदाराला भोगावे लागतात, दलालाला नव्हे.

हे झाले लिस्बनकडचे. दिल्लीचा कायदा काय म्हणतो? भारत सरकारने 28 मार्च 1962 रोजी एक आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणीही 20 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मला, तो भारताचा नागरिक झाला असे त्यात ठरले. ज्याला पूर्वीचेच राष्ट्रीयत्व हवे असेल, त्याने एक महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. असे कळविणाऱ्यांत मोन्सिन्योर रेमेदियोस मोंतेरो हे धर्मगुरू होते. परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यात राहिले आणि परकीय नागरिक म्हणून त्यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. स्वतःच्या जन्मभूमीत परका ठरण्याची ही गोष्ट आज रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. घटनेचा अनुच्छेद 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 यांचे सांगणे एकच आहे: स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. तेव्हा ‘दुसरे पारपत्र’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. पहिले जमा करावे लागते. दोन्ही खिशात ठेवणे हा गुन्हा होतो. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांप्रमाणे 2011 ते ऑक्टोबर 2022 या काळात गोव्यातील 28 हजारांहून अधिक लोकांनी भारतीय पारपत्रे परत केली. एवढ्याशा राज्याच्या मानाने ही संख्या लहान नाही.

हे सर्व लिस्बनच्या ओढीने झाले असे समजू नये. पोर्तुगाल 1986 साली युरोपीय समुदायात गेला, आणि पुढे त्याच्या पारपत्रावर इंग्लंडात राहून काम करणे शक्य झाले. साउथॉल, स्विंडन, लेस्टर येथे गोव्याची आणि दीव-दमणची माणसे वसली. कोणी गोदामात, कोणी विमानतळावर, कोणी रुग्णालयात लागले. पुष्कळांनी लिस्बन पाहिलेही नसेल. ब्रिटन 2020 च्या आरंभी युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षाअखेर हे दार मिटले. आता नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला तेथे कामासाठी व्हिसा लागतो. इतर युरोप खुला आहे, पण तेथे प्रथम भाषा आडवी येते. ही बातमी दलाल सहसा सांगत नाहीत.

जो पारपत्र परत करतो त्याला ओ.सी.आय. कार्ड मिळू शकते. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनिओ कोस्ता यांचे घराणे गोव्याचे. त्यांनाही 2017 साली हे कार्ड मिळाले. त्यावर भारतात हवे तितके राहता येते. परंतु मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली तेवढी ठेवता येते. बेळगुंदीसारख्या गावात ही अट बारीक अक्षरांतली नाही. शेजारचा बांध विकावयास निघाला तर तो घेणारा भाऊ भारतीयच असावा लागेल. आणि या भागातील मराठी माणसाने 1956 साली आपले गाव दुसऱ्या राज्यात गेलेले पाहिले आहे. त्यानंतर त्याच्या हाती मुख्यतः मतच उरले होते, ही गोष्टही येथे बाजूला ठेवता येत नाही.

सर्वांत नाजूक बाब आईची आहे. मुलाने युरोपात जावयाचे म्हणून आधी तिची नोंद लिस्बनला होते. पोर्तुगालच्या मते तिने नवे काहीच घेतलेले नाही. ती जन्मापासून त्यांचीच होती. भारतीय कायद्यापुढे प्रश्न वेगळा आहे: 1961 मध्ये भारतीय झालेल्या या बाईने पुढे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व मिळविले काय? नुसत्या नोंदीने ते मिळते की ओळखपत्र वा पारपत्र घेतल्यावरच, यावर वाद झाले आहेत, न्यायालयांपर्यंत गेले आहेत. आणि निर्णयाचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. गोव्यात तर निवडून आलेल्या प्रतिनिधींवरही हे आक्षेप घेतले गेले. घाट चढून आल्यावर जी पुन्हा कोठे गेली नाही, तिचे मतदारयादीतील नाव, तिचे निवृत्तिवेतन, तिच्या नावावरचा सातबारा, हे सारे या एका अर्जाशी बांधले जाऊ शकते. तिला हे तिच्या भाषेत, सही घेण्यापूर्वी सांगितले गेले आहे काय, एवढे तरी घरातील शिकलेल्या मुलाने पाहावे. पोर्तुगालची वकिलात पणजीत आहे, आणि आपल्याकडील पारपत्र कार्यालयातही चौकशी करता येते. दोन्हीकडे विचारल्यावर कागद लिस्बनला धाडले तरी वर्ष-सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.