मुंबई सोडावयाची, तर कोठे राहावयाचे?

(ज्ञातिमंडळाच्या साजगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



साजगावचा विठोबा आपणांस नवा नाही. कार्तिकी एकादशीच्या यात्रेस यावे, दर्शन घ्यावे, सुक्या मासळीचा बाजार करावा आणि मुंबईस परतावे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. सांप्रत मात्र अनेक कुटुंबे परत न जाण्याच्या हेतूने या मुलखाकडे पाहू लागली आहेत. माणसे वाढली, खोली तेवढीच राहिली, हे दुःख आम्हीही भोगले आहे. म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करितो.

निवृत्तीनंतर आम्ही कर्जतला घर घेतले. घेताना किंमत पाहिली, खिडकीतून दिसणारा डोंगर पाहिला. मुलाच्या प्रवासाचा हिशेब मात्र केला नाही. कर्जत ते मुंबई अंतर सुमारे 100 किलोमीटर, लोकलने दोन तास. घर ते स्टेशन व स्टेशन ते कचेरी धरून जाण्यायेण्यात रोज पाच तास जातात. महिन्याचे कामाचे दिवस 25 धरल्यास 125 तास, म्हणजे पाच अहोरात्र आणि वर पाच तास! आमच्या नातीने शाळेत ‘आमचे घर’ हा निबंध लिहिला. त्यात आजी, आजोबा, आई आणि मांजरही होते, वडील नव्हते. जन्मभर इतरांच्या वह्या तपासल्या, परंतु इतकी अचूक चूक आम्हांस कधी सापडली नव्हती.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, गाव निवडताना प्रथम मिळवत्या माणसाची वाट पाहावी. ज्यास रोज मुंबई गाठावयाची आहे, त्याने बदलापूर किंवा फार तर नेरळपर्यंत यावे. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत बसावयास जागा मिळते, हा लाभ खरा. परंतु वेळ परत मिळत नाही. ज्याची नोकरी पनवेलकडे आहे, त्याने चौक व खालापूर पाहावे. खोपोलीस आगगाडी 1856 सालीच आली; तथापि शाखामार्गामुळे तेथील गाड्या आजही मोजक्या आहेत. म्हणून खोपोली व साजगाव हे निवृत्तांस किंवा येथील कारखान्यांत काम करणारांस अधिक सोयीचे.

दुसरी गोष्ट पाण्याची. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून 1915 पासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी पाताळगंगेत उतरते. त्यामुळे ही नदी वैशाखातही वाहती असते. परंतु नदी वाहती म्हणून घरचा नळ वाहता असे नव्हे. पाणी आहे काय, हे विकणारास न विचारता वैशाखात शेजारणीस विचारावे.

पावसाचेही तसेच. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. 19 जुलै 2023 च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळून माणसे झोपेतच गाडली गेली. तेव्हा नदीकाठ व डोंगराचा उतार कितीही रम्य वाटो, स्थानिक वृद्धांस विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. तसेच शेतजमीन शेतकऱ्यासच विकत घेता येते. यास्तव सातबारा व बिनशेतीचा आदेश वकिलाकडून तपासून घ्यावा.

आमची सूचना साधी आहे. आधी भाड्याने राहावे, एक पावसाळा व एक उन्हाळा काढावा, रात्री दोन वाजता डॉक्टर कोठे मिळतो ते पाहावे, आणि मगच आयुष्याची शिल्लक गुंतवावी. आम्ही उलट क्रमाने केले. आता चिरंजीव पनवेलकडे नोकरीच्या शोधात आहेत. पगार कमी पडला तरी चालेल, असे घरात सर्वानुमते ठरले आहे.

शेवटी मंडळास विनंती. बदलापूरपासून खोपोलीपर्यंत राहणाऱ्या ज्ञातिकुटुंबांची गावनिहाय यादी करावी. चाळीत भिंतीवर थाप मारली की शेजारी येत असे. नव्या गावी येणाऱ्यास निदान ठोठावण्यास एक दार ठाऊक असावे. ही तरतूद मंडळाने केल्यास मुंबई सुटली तरी माणसे सुटणार नाहीत.