रंजक, टोपी आणि फुसका बार



मराठीच्या माणसाने स्मृतिव्याख्यानात रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. निमित्त एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राचे आहे. ते नेमबाज आहेत. 'मिसफायर'साठी 'फुसका बार' हा शब्द पुरत नाही, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते.

१८०१ च्या जुलैत याच उज्जैनपाशी यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्या काळची पलटणींची बंदूक गारगोटीची. बाहेरच्या पेल्यात चिमूटभर बारीक दारू ठेवीत. तिचे नाव रंजक. ठिणगीने रंजक पेटे आणि तिची आग छिद्रातून आतल्या दारूला पोचे. पावसाने रंजक भिजली की बंदूक मुकी. कधी रंजक जळून जाई, पण बार होत नसे. त्याला आपल्या सभोवतालच्या हिंदीत 'रंजक चाट जाना' म्हणत. आग लावणारी दारू निराळी आणि गोळी फेकणारी निराळी, हे भान भाषेत होते.

फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे टोपी आली आणि १८६६ च्या सुमारास ती पितळी पुंगळीच्या बुडात जाऊन बसली. रंजक दिसेनाशी झाली, तसा शब्दही गेला.

आता हाताने भरलेले काडतूस घ्या. (आपल्याकडे काडतुसे तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो, हे सांगितलेले बरे.) चाप ओढला, घोडा पडला, नुसता 'टक्' आवाज आला. सारे जण टोपीला दोष देतात. टोपी बिचारी क्वचितच दोषी असते. तिच्यावरचा खळगा वाचावा. खळगा उथळ असेल तर घोड्याची कमान दुबळी. चाप हलका व्हावा म्हणून हौशी माणसे ती सैल करून ठेवतात. खळगा ठीक आहे आणि दुसऱ्या ठोक्याला बार झाला, तर टोपी पूर्ण बसलेली नव्हती. टोपीच्या आत एक चिमुकली ऐरण असते. ठोक्याने रसायन तिच्यावर चिरडावे लागते. टोपी वर राहिली तर पहिला ठोका तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. भरताना बुडावरून बोट फिरवावे; टोपी किंचित खाली लागली पाहिजे, वर मुळीच नको. खळगा खोल असून दोन-तीन ठोक्यांनीही काही झाले नाही, तरच टोपी निकामी समजावी. तेलकट बोटे आणि ओल ही त्याची नेहमीची कारणे. तरीही शंका उरली तर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये कारखान्यातली, खडकीची 'केएफ' मोहोरेची म्हणा, काडतुसे चालवून पाहावीत. ती बिनचूक उडाली तर संशय भरणाऱ्यावर. तीही अडली तर हत्यारावर.

मात्र हे सारे नंतरचे. 'टक्' ऐकताच नळी निशाणाकडेच धरून निदान तीस सेकंद थांबावे. बार उशिरानेही होतो. लगेच पुन्हा चाप ओढला तर चक्र फिरते आणि रेंगाळलेले काडतूस नळीसमोरून सरकून भलत्याच जागी फुटू शकते.

याहून घातक तिसरा प्रकार. आवाज होतो, पण दबका. धक्का जाणवत नाही. टोपी पेटली, पण पुंगळीत दारू नव्हती किंवा फार थोडी होती. टोपीच्या बळावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. पुढचा बार तिच्यावर आदळला की नळी फाटते. बोटे आणि डोळे जाऊ शकतात. 'फुसका बार' म्हणून हसून पुढची गोळी झाडणारा माणूस या क्षणी सर्वांत धोक्यात असतो. रिव्हॉल्व्हर रिकामे करून नळी आरपार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकाच शब्दात आपण हे तिन्ही प्रकार कोंबले आहेत. मी त्या गृहस्थांना तीन नावे लिहून पाठवली आहेत : मुका बार, रेंगाळता बार आणि अडकली गोळी. मैदानावर ओरडून सांगण्याइतकी ती आटोपशीर आहेत की नाहीत, हे त्यांचे सोबती ठरवतील.